गादीचा वाद आणि खेळाचा पट



बुद्धिबळाचा पट मांडताना एक गोष्ट आपण न बोलता मान्य करतो. पांढऱ्यांचा राजा कोणता आणि काळ्यांचा कोणता, याविषयी कोणाच्या मनात शंका नसते. घोडा राजाला सोडून जात नाही, हत्ती आपली चाल विकत नाही, आणि आपण कोणाचे, हा प्रश्न प्याद्याला पडत नाही. राज्यात गादीचा वाद उभा राहिला म्हणजे नेमकी हीच सोय नाहीशी होते. दोन राजे एकाच रंगाच्या मोहऱ्यांवर हक्क सांगतात आणि आपला राजा कोणता, हे मोहऱ्यांनाच ठरवावे लागते. इतिहासातील अशा एखाद्या वादावर बोलणी व मसलती यांचा खेळ रचावयाचा झाला तर तो कसा रचावा, आणि तो खेळून जाणत्या माणसांच्या पदरात काय पडावे, हा आजचा विषय आहे.

खेळ म्हटले की तो मुलांचा, अशी आपली समजूत असते. वस्तुतः मोठ्यांना शिकविण्यासाठी खेळ वापरण्याची रीत जुनी आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ च्या सुमारास राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि पंच यांच्या साहाय्याने लढाईचा खेळ बसविला आणि तो सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग झाला. लढाईऐवजी मुत्सद्देगिरीवर उभा असलेला प्रसिद्ध खेळ त्यानंतर सुमारे एकशे पस्तीस वर्षांनी आला. अमेरिकेत ॲलन कॅलहॅमर यांनी 'डिप्लोमसी' हा खेळ १९५९ साली प्रसिद्ध केला. त्यात फासा नाही. सात भिडू १९०१ च्या युरोपातील सात सत्ता होतात. ते आधी कोपऱ्यात जाऊन आपसांत बोलणी करतात, मग प्रत्येक जण आपल्या फौजांचे हुकूम गुपचूप कागदावर लिहितो, आणि सर्वांचे कागद एकदम उघडले जातात. तोंडी दिलेला शब्द पाळलाच पाहिजे असा तेथे नियम नाही. म्हणून कोणी कोणाला खरोखर साथ दिली हे कागद उघडेपर्यंत कळत नाही.

ही कागद एकदम उघडण्याची युक्ती आपल्याही कामाची आहे. तथापि तो खेळ जसाच्या तसा उचलून आपले काम भागणार नाही. तेथे सातही भिडूंना एकच वस्तू हवी असते, ती म्हणजे मुलूख. गादीच्या वादात प्रत्येकाला निराळी वस्तू हवी असते. एकाला राज्य हवे, दुसऱ्याला वतन, तिसऱ्याला बायकामुलांची सुटका, आणि चौथ्याला केवळ आपला शब्द खोटा पडू नये एवढेच हवे असते. हा फरक ध्यानात यावा म्हणून उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शाहूमहाराज आणि महाराणी ताराबाई यांचा १७०७ साली सुरू झालेला वाद आपल्या साऱ्यांच्या ओळखीचा आहे. निदान तसे आपल्याला वाटते.

प्रथम वादाची हकिकत थोडक्यात पाहू. संभाजीमहाराजांचा वध मार्च १६८९ मध्ये झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस रायगड मोगलांच्या हाती पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहू औरंगजेबाच्या छावणीत कैदेत गेले. राजाराममहाराजांनी जिंजीस जाऊन राज्य जागते ठेवले. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्यांचा अंत झाला. त्यानंतर त्यांच्या राणी ताराबाई, हंबीरराव मोहित्यांच्या कन्या, यांनी आपल्या लहानग्या शिवाजीला गादीवर बसविले आणि पातशहाशी सात वर्षे झुंज दिली. १७०७ च्या आरंभी अहमदनगरजवळ औरंगजेब मरण पावला. त्याचा मुलगा आझमशहा दिल्लीचे तख्त गाठण्यासाठी उत्तरेस निघाला. मराठ्यांत दुही माजावी या धोरणाने त्याने मे महिन्यात माळव्यात शाहूंना सोडून दिले, आणि येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतले. जून महिन्यात जाजऊच्या लढाईत खुद्द आझमशहाच पडला. म्हणजे ज्याने सोडले तो नाहीसा झाला, आई शत्रूच्या हाती राहिली, आणि पंचवीस वर्षांचा एक तरुण मूठभर माणसांनिशी नर्मदा ओलांडून खानदेशात उतरला. आपला खेळ येथून सुरू होतो.

खेळ रचणाऱ्याने पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, वाद कोणत्या दिवसापासून मांडावा? पुष्कळांना वाटेल की शिवछत्रपतींपासून आरंभ करावा. पण पट जितका लांब तितके भिडू सुस्त होतात. चांगला आरंभ तो, ज्या दिवशी सर्वांना काही ना काही ठरविणे भाग पडते, पण अद्याप कोणीच काही ठरविलेले नसते. शाहू खानदेशात आल्याची वार्ता किल्ल्याकिल्ल्यांवर पोचली, तो हा दिवस. शेवटही असाच नेमका हवा. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूमहाराजांना राज्याभिषेक झाला. म्हणून पावसाळ्याच्या तोंडापासून पौषापर्यंत सहा-सात महिने, आणि दर महिन्याची एक फेरी, असा पट धरावा. दोन-अडीच तासांत तो संपतो.

या महिन्यांत ऋतूंचाही हात आहे. पावसाळा म्हणजे छावणीचा काळ. नद्या भरलेल्या, वाटा चिखलाच्या, घोडी तबेल्यात. म्हणून पहिल्या फेऱ्यांत फौजा हलू द्यावयाच्या नाहीत. केवळ पत्रे आणि वकील हलतील. पाऊस सरला की फौजा मोकळ्या होतात, आणि पावसात दिलेल्या शब्दांची परीक्षा सुरू होते. जुन्या मराठी कागदांत 'राजकारण' हा शब्द बहुधा गुप्त मसलत, फितवा, संधान या अर्थाने येतो. तसले राजकारण पिकण्यास पावसाळ्यासारखा हंगाम नाही.

दुसरा प्रश्न भिडूंचा. येथे नवखा रचनाकार हमखास फसतो. तो शाहू आणि ताराबाई यांना मुख्य भिडू करतो व बाकीच्यांना त्यांच्या हातातील सोंगट्या. मग दोघे जण खेळतात आणि पंधरा जण पाहत बसतात. वास्तविक अशा वादात खुद्द हक्कदारांच्या हाती चाली थोड्या असतात. शाहूंजवळ खानदेशात काय होते? नाव होते, रक्ताचा हक्क होता आणि देता येण्याजोगी आश्वासने होती. फौज परसोजी भोसल्यांची, नेमाजी शिंद्यांची, हैबतराव निंबाळकरांची. सेनापती धनाजी जाधव ताराबाईंचे. किल्ले किल्लेदारांचे. कागद चिटणिसांचे. दर्या कान्होजी आंग्र्यांचा. तेव्हा खेळाचे खरे भिडू हे असले लोक होत. हक्कदारांनी त्यांची मने वळवावयाची, आणि त्यांनी आपली किंमत ठरवावयाची.

प्रत्येक भिडूला खेळापूर्वी एक बंद लखोटा द्यावा. त्यात चार गोष्टी असाव्यात: तुमच्याजवळ काय आहे, तुम्हांला काय हवे, तुम्हांला कशाचे भय आहे, आणि इतरांस ठाऊक नसलेले असे तुम्हांला काय ठाऊक आहे. यातली दुसरी गोष्ट लिहिताना कौशल्य लागते. एकाच माणसाला परस्परांशी न जुळणाऱ्या दोन गोष्टी हव्या असल्या पाहिजेत. धनाजी जाधवांचे पाहा. सेनापतिपद त्यांना राजारामाच्या घराने दिलेले. तेव्हा इमान ताराबाईंशी. पण समोरचा तरुण खरोखर संभाजीमहाराजांचा पुत्र असेल तर त्याच्यावर शस्त्र धरणे म्हणजे थोरल्या महाराजांच्या नातवावर धरणे. शिवाय बरोबर परशुरामपंत प्रतिनिधी, ताराबाईंचे अधिक विश्वासू. जिंकले तर यश त्यांच्याकडे जाणार, हरले तर दोष आपल्याकडे येणार. इतके लिहून ठेवले म्हणजे धनाजींनी काय करावे हे पंचाला सांगावे लागत नाही. तो भिडू घाम पुसत स्वतःच विचार करू लागतो.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. ताराबाईंनी पहिला डाव टाकला तो असा की, हा आलेला माणूस शाहू नव्हेच, तो तोतया आहे. आज आपल्याला हे बोलणे लबाडीचे वाटते, कारण शाहू खरे होते हे आपण जाणतो. पण क्षणभर १७०७ च्या माणसाच्या जागी बसा. सात वर्षांचे मूल कैदेत गेले आणि अठरा वर्षांनी पंचविशीचा पुरुष परत आला. ओळखणार कशावरून? आणला कोणी? शत्रूने सोडला. तेव्हा संशय घेणे शहाणपणाचेच होते. परंपरा सांगते की परसोजी भोसल्यांनी शाहूंच्या ताटात जेवून त्यांचे खरेपण जगास दाखविले, आणि ताराबाईंकडून शहानिशा करण्यास आलेले खंडो बल्लाळ चिटणीस खात्री पटवून घेऊन शाहूंचे झाले. अशा ओळखीच्या सोहळ्यांची गरज पडली, यावरूनच संशय किती दाट होता हे दिसते.

मग आज ज्यांना उत्तर ठाऊक आहे अशा भिडूंच्या मनात हा संशय कसा उत्पन्न करावा? यासाठी मी एक उपाय सुचवितो. खेळाच्या आरंभी पंचाने दोन चिठ्ठ्यांतून एक काढावी. एकीवर 'खरा', दुसरीवर 'तोतया'. ती चिठ्ठी केवळ शाहूंच्या भूमिकेतील भिडूला दाखवावी. मग तीन-चार भिडूंना साक्षीचे कागद द्यावेत. एकाने रायगडावर त्या बालकाला खेळविलेले असते, दुसऱ्याचा भाऊ मोगलांच्या छावणीत जाऊन येऊन असतो, तिसऱ्याने केवळ ऐकलेले असते. कागद पूर्ण सत्य सांगत नाहीत; पारडे थोडेसे एका बाजूस झुकवितात इतकेच. आणि साक्षीदार आपली साक्ष विकू शकतो, लपवू शकतो, फिरवूही शकतो.

यावर आक्षेप येईल की हे इतिहासाला सोडून झाले. शाहू खोटे निघण्याची शक्यता ठेवणे म्हणजे सत्याशी खेळणे होय. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. इतिहासाचे सत्य दोन प्रकारचे असते. एक, काय घडले याचे. दुसरे, घडत असताना माणसांना काय दिसत होते याचे. शाहू खरे होते हे पहिल्या प्रकारचे सत्य पुस्तकात सुरक्षित आहे. खेळ संपल्यावर पंच ते पुन्हा सांगेलच. पण धनाजी जाधव भीमेच्या काठी उभे होते तेव्हा त्यांच्यापुढे पुस्तक नव्हते. ते अज्ञान दाखविल्यावाचून त्यांच्या निर्णयाचे वजन कळत नाही. चिठ्ठी हे त्या अज्ञानाचे चित्र आहे.

चौथा प्रश्न शपथेचा. ताराबाईंनी आपल्या सरदारांकडून दूधभाताची शपथ घेवविली होती. खेळात शपथ म्हणजे नुसते तोंडचे शब्द ठेवले तर आजचा भिडू ती हसत मोडील, कारण त्याला तिचे काही वाटत नाही. म्हणून प्रत्येकाला आरंभी इमानाच्या तीन कवड्या द्याव्यात. शपथ घेणाऱ्याने एक कवडी ज्याच्याशी शपथ वाहिली त्याच्या हाती ठेवावी. शपथ पाळली तर ती परत येते. मोडली तर ज्याला दगा दिला त्याच्याकडेच राहते व सर्वांच्या नजरेस पडते. कवड्या संपलेल्या माणसाशी बोलणी करावयास बंदी नाही. पण त्याच्या शब्दावर कोणी विसंबत नाही, त्याला ओलीस द्यावा लागतो किंवा किल्ला आधी स्वाधीन करावा लागतो. अविश्वासाची किंमत ही अशी रोख मोजता आली पाहिजे.

पण सर्वच माणसे इमानाचा असा हिशेब करीत नाहीत, हेही खेळात यावे. शंकराजी नारायण सचिव यांची कथा आपल्याला ठाऊक असेल. कठीण काळात राज्याची उस्तवारी करणाऱ्या मोजक्या मुत्सद्द्यांपैकी ते एक. ताराबाईंशी शपथ झालेली आणि समोर थोरल्या घराचा वारस उभा. शपथ मोडावी तर बेइमानी, पाळावी तर धन्याशी द्रोह. या पेचातून वाट न सापडल्याने त्यांनी १७०७ सालीच अंबवडे येथे आपल्या हाताने जीवनाचा शेवट केला, असे परंपरा सांगते. शाहूमहाराजांनी पुढे सचिवपद त्यांच्या लहान मुलाकडे, नारो शंकरांकडे, चालू ठेवले. ज्या खेळात शंकराजी नारायणांची भूमिका घेणाऱ्याला हा पेच जाणवत नाही, तो खेळ चलाख असेल, पण मराठ्यांच्या त्या पिढीचा नव्हे.

आता या चार गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय घडते ते पाहा. इतिहासात १२ ऑक्टोबर १७०७ रोजी भीमेच्या काठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. धनाजी जाधवांनी नेटाने हत्यार चालविले नाही व ते शाहूंस मिळाले. त्यांचे मन वळविण्यात त्यांच्या पदरी असलेल्या बाळाजी विश्वनाथांचा हात होता. प्रतिनिधींना मागे हटून सातारा गाठावा लागला. साताऱ्याचा किल्लेदार शेख मिरा याची बायकामुले वाईस होती. ती शाहूंच्या हाती लागताच त्याने प्रतिनिधींनाच अटकेत घालून किल्ला दिला, अशी हकिकत सांगतात. म्हणजे लढाई म्हणावी अशी लढाई फारशी झालीच नाही. जो निकाल लागला तो पावसाळ्यातील पत्रांत, एका ताटातील जेवणात आणि एका किल्लेदाराच्या घरच्या काळजीत लागला. आपल्या पटावरही फौजांची टक्कर शेवटची व लहान असावी. टक्कर होण्यापूर्वीच कोण कोणाकडे आहे हे ठरून गेलेले असावे.

पाचवा प्रश्न जिंकण्याचा. अशा खेळात एकच विजयी जाहीर करू नये. प्रत्येक भिडूचा हिशेब त्याच्या लखोट्याप्रमाणे निराळा करावा. शाहू गादीवर बसले, पण त्यासाठी त्यांनी निम्मे राज्य वतनांत व सरंजामांत वाटून टाकले असेल तर त्यांचे गुण कापावेत. हा नियम पदरचा नाही. जिंजीच्या काळापासून सरदारांना राखण्यासाठी वतने व इनामे देण्याची प्रथा वाढली होती, आणि पुढे १७१५ च्या सुमारास रचलेल्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावरील आज्ञापत्रात वतनदारांना कसे धाकात ठेवावे याची काळजी स्पष्ट दिसते. दोन राजे एका सरदाराची मनधरणी करू लागले म्हणजे सरदाराचा भाव चढतो आणि राज्याचा उतरतो. हे सूत्र शंभर पाने वाचून जितके ठसत नाही तितके एका डावात ठसते. कारण शाहू झालेला भिडू शेवटी आपल्या पुढ्यातील चिठ्ठ्या मोजतो व त्याला दिसते की राज्य मिळाले, पण देण्यासारखे आता काही उरलेले नाही.

पटाबाहेर बसलेल्या दोन भूमिका विसरू नयेत. एक पातशहा. १७०९ साली बहादूरशहा दक्षिणेत असता शाहू व ताराबाई या दोघांचेही वकील सनदा मागत त्याच्या दारी गेले. झुल्फिकारखानाने शाहूंची बाजू घेतली, वजीर मुनीमखानाने ताराबाईंची. पातशहाने एकाचा हक्क पक्का करून दुसऱ्याचा निकालात काढला नाही. भांडण तसेच राहू दिले. तेव्हा या भूमिकेच्या लखोट्यात असे लिहावे की, निकाल जितका लांबेल तितके तुमचे गुण वाढतील. घरच्या वादात बाहेरचा पंच बोलाविला तर त्याचे हित कशात असते, हे भिडूंनाच शोधू द्यावे.

दुसरी भूमिका गावच्या पाटलाची. त्याला फौज नाही, किल्ला नाही. दर फेरीला त्याच्याकडे वसूल मागितला जातो. एका राजाला दिला तर दुसऱ्याचे स्वार गावावर येतात. दोघांना दिला तर गाव ओस पडते. त्याच्या हाती एकच हत्यार असते: रयत घेऊन गाव सोडून जाणे. मग त्या परगण्याचा वसूल कोणालाच मिळत नाही. ही भूमिका मागून कोणी घेत नाही. पण ती नसेल तर खेळ दरबाराच्या चार भिंतींत कोंडून राहतो आणि राज्य ज्यांच्या कष्टावर उभे, त्यांचा आवाजच येत नाही.

खेळ कधी कधी इतिहासाच्या उलट संपेल. ताराबाई जिंकतील. धनाजी तटस्थ राहतील. शेख मिरा किल्ला देणार नाही. अशा वेळी पंचाने 'चुकले' म्हणू नये. उलट तेथूनच खरा अभ्यास सुरू होतो. डाव संपल्यावर अर्धा तास सर्वांनी लखोटे उघडून बसावे आणि एकच प्रश्न विचारावा: जे प्रत्यक्ष घडले ते आपल्या डावात का घडले नाही? कोणती गोष्ट आपण कमी मोजली? कधी असे दिसेल की ताराबाई झालेल्या भिडूने सरदारांना धाक घातला नाही, त्यांना विश्वासात घेतले. कधी दिसेल की शाहूंनी घाई केली. ही चर्चा टाळून खेळ केवळ करमणुकीसाठी खेळला, तर गैरसमज घेऊन घरी जाण्याचा धोका आहे. तेव्हा वेळ कमी असेल तर एक फेरी गाळावी, पण ही बैठक गाळू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या वादात न्याय कोणाकडे होता? आपल्यापैकी बहुतेकांचे उत्तर तयार असते, आणि ते बरेचदा आपण कोणत्या गावचे यावरून ठरते. शाहूंचा पक्ष म्हणे, थोरल्या पातीचा वारस हयात आहे. राजारामांनी राज्य चालविले ते त्याच्या अनुपस्थितीत. ताराबाईंचा पक्ष म्हणे, शिवछत्रपतींनी मिळविलेले राज्य संभाजीमहाराजांच्या अखेरीस हातचे गेले; आज जे आहे ते राजारामांनी व आम्ही रक्त सांडून पुन्हा मिळविलेले आहे, त्यावर शत्रूच्या छावणीत वाढलेल्याचा हक्क कसा? एक बाजू जन्माचा हक्क सांगते, दुसरी कष्टाचा. दोन्ही हक्क आपण आपल्या घरांतूनही ऐकलेले आहेत. थोरल्याच्या मुलाने वाटा मागावा, आणि शेत कसून राखलेल्या चुलतीने विचारावे, इतकी वर्षे तू कोठे होतास? दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. खेळाचा पहिला नियम म्हणून मी तर असे म्हणेन की, ज्या माणसाचा ओढा ज्या बाजूकडे असेल त्याला दुसऱ्या बाजूचा लखोटा द्यावा.

राज्याभिषेकाने वाद संपला नाही, हे आपण जाणताच. १७१३ साली कान्होजी आंग्र्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केले. नवे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी आंग्र्यांशी लढाई न करता बोलणी केली व १७१४ मध्ये त्यांना शाहूंच्या बाजूस आणले. त्याच वर्षी पन्हाळ्यावर राजारामांच्या दुसऱ्या राणी राजसबाई यांच्या पक्षाने ताराबाई व त्यांचा मुलगा यांना कैदेत टाकून संभाजीराजांना गादीवर बसविले. पुढे निजामाने कोल्हापूरच्या बाजूने हात घातला आणि १७२८ साली पालखेडला बाजीरावांकडून तो कोंडीत सापडला. शेवटी १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे. एकमेकांच्या फुटीर नोकरांना आश्रय द्यावयाचा नाही. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचाही शत्रू. एकाच घराच्या दोन गाद्या झाल्या.

१७०७ पासून १७३१ पर्यंत चोवीस वर्षे. नदी तीच, घरे तीच, आणि वाटणीची कल्पनाही मुलखावेगळी नव्हे. मग हा तह पहिल्याच वर्षी का झाला नाही? खेळ खेळून पाहिल्यास याचे उत्तर हाती लागते. वाटणीचा प्रस्ताव कोणत्याही फेरीत मांडण्याची मुभा भिडूंना ठेवावी, पण एक अट घालावी: जो प्रथम वाटणी मागेल त्याने साऱ्या राज्यावरचा आपला हक्क सोडला असे समजले जाईल. या अटीखाली दोघेही वाट पाहत राहतात. प्रस्ताव प्रत्येकाच्या मनात असतो आणि कोणाच्याच ओठांवर येत नाही. तो बोलावयाचा तर बोलणाऱ्याची पत राखून तो ऐकून घेणारा कोणी मधला माणूस लागतो. बाळाजी विश्वनाथांनी आंग्र्यांच्या बाबतीत केले ते हेच. आंग्र्यांना शरण आणले असे न दाखविता त्यांची सरखेली व त्यांचे किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे ठेवून त्यांना शाहूंचे करून घेतले. दोन्ही बाजूंना आपापल्या माणसांपुढे मान वर करून जाता आले.

वाटाघाटी म्हणजे बोलघेवडेपणा, असा समज आपल्यात आहे. तह करणारा कमी शूर, असेही आपण मानतो. या पटावर बसलेल्या माणसाला दोन-अडीच तासांत निराळा अनुभव येतो. समोरच्याला काय हवे हे त्याच्या तोंडून काढणे, आपण दिलेला शब्द पुरा करता येईल एवढाच देणे, आणि हरणाऱ्याला परत जाण्याची वाट मोकळी ठेवणे, या तीन गोष्टी तलवार चालविण्याहून सोप्या नाहीत. आपल्या वाड्यांच्या, शेतांच्या, संस्थांच्या वादांत त्या रोज लागतात.

पटाला फार खर्च नाही. एक मोठा कागद, त्यावर नर्मदेपासून वारणेपर्यंतच्या नद्या आणि ठळक किल्ले, पंधरा लखोटे, पंचेचाळीस कवड्या, एक नि:पक्षपाती पंच आणि एक घड्याळ. एखाद्या वाचनालयाने किंवा शाळेने सुटीच्या दिवशी तो मांडून पाहावा. लखोटे लिहिण्यासाठी मात्र रचणाऱ्याला कागदपत्रे वाचावी लागतील, आणि प्रत्येक माणसाच्या बाजूने, त्याला पटेल असे, अर्धे पान लिहावे लागेल. ताराबाईंच्या बाजूने लिहिलेले अर्धे पान ताराबाईंच्या अभिमान्याने वाचून मान डोलवावी, आणि शाहूंचे पान शाहूंच्या अभिमान्याने. ते जमले म्हणजे निम्मा खेळ साधला. उरलेला निम्मा भिडू आपले आपण साधतील.